‘परत या’ असा फोन आल्यावर

नमस्कार, श्रोतेहो.

“मॅडम, परवा तुमची मॅमोग्राफी झाली ना, त्यात डॉक्टरांना अजून दोन फोटो हवे आहेत. उद्या येता का?”

हे वाक्य मी १९ वर्षं फोनवर बोलत आले आहे. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या, मशीनवर मी टेक्निशियन आहे. वाक्य संपलं की पलीकडे सगळं गप्प होतं. मग प्रश्न येतो, आणि तो बहुतेक वेळा एकच असतो: “म्हणजे काही निघालंय का?”

पूर्वी मी म्हणायचे, “नाही हो, काही नसतं, घाबरू नका.” आता म्हणत नाही.

तीन वर्षांपूर्वी हाच फोन मला आला. माझ्याच विभागातल्या, माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीने केला. तेच वाक्य, शब्दाला शब्द. आणि मी काय विचारलं असेल? “काही निघालंय का गं?” परत बोलावणं म्हणजे काय हे मला तोंडपाठ, तरी तोंडातून आलं ते हेच. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, तूच तर सगळ्यांना सांगत असतेस, काही नसतं म्हणून.” त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पण मला त्याचा इतका राग आला, की मी दुसऱ्या खोलीत गेले आणि कपाटातले सगळे कपडे बाहेर काढून पुन्हा घड्या घालत बसले. रात्री साडेबारापर्यंत. “काही नसतं” म्हटलं की समोरच्या बाईला पुढे बोलायला जागाच उरत नाही, हे मला त्या रात्री कळलं.

आता मी फोनवर सांगते, “तुमचा रिपोर्ट अजून पूर्ण झालेला नाही.” हे अक्षरशः खरं आहे. मॅमोग्रामचा रिपोर्ट लिहिण्याची एक पद्धत आहे, तिला बाय-रॅड्स म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची ही पद्धत पुष्कळ देशांत वापरतात. तिच्यात ० ते ६ असे आकडे असतात. १ म्हणजे सगळं ठीक. २ म्हणजे काहीतरी दिसतंय, पण निरुपद्रवी. ५ म्हणजे कॅन्सरची दाट शंका. आणि ० म्हणजे माहिती अपुरी, आणखी फोटो हवेत. परत बोलावलेल्या बाईच्या कागदावर बहुधा हा शून्य असतो. पुष्कळ जणी तो पाहून जास्तच घाबरतात, कारण शून्य मिळाला की नापास, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. इथे पेपर अजून तपासूनच झालेला नसतो.

माहिती अपुरी का राहते? नेहमीच्या मॅमोग्राफीत प्रत्येक स्तनाचे दोन, असे चार फोटो काढतात. एक वरून, एक तिरका. स्तनाला जाडी असते, फोटो मात्र सपाट. पातळ कापडाच्या दोन-तीन घड्या उजेडासमोर धरून बघा. घडीवर घडी येते तिथे गडद पट्टा दिसतो, पण कापड उलगडलं की तो नाहीसा होतो. मॅमोग्राममध्ये तसंच होतं, फक्त तिथे तो भाग पांढरा दिसतो. आणि गाठही पांढरीच दिसते, ही खरी पंचाईत. ज्यांचे स्तन आतून दाट असतात, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग जास्त, त्यांच्या फोटोत पांढऱ्यावर पांढरं शोधावं लागतं. चाळिशीनंतरच्या जवळपास निम्म्या स्त्रियांचं असं असतं. शिवाय पाण्याने भरलेल्या साध्या गाठी असतात, कॅल्शियमचे बारीक कण असतात. कधी फोटोच्या वेळी बाई जराशी हलते आणि चित्र पुसट येतं. आणि कधी असते ती काखेतली पावडर किंवा डिओडरंट. त्यातले कण फोटोत कॅल्शियमसारखे चमकतात. नुसत्या पावडरीपायी दोन रात्री जागलेल्या बायका मी पाहिल्यात.

पहिल्यांदाच मॅमोग्राफी केलेल्यांना बोलावणं जास्त येतं, कारण ताडून बघायला जुना फोटो नसतो. डाग चार-पाच वर्षांपूर्वीही तिथेच आणि तेवढाच होता असं दिसलं, तर पुष्कळदा डॉक्टरांची शंका तिथेच मिटते. विजेची जुनी बिलं जपून ठेवणाऱ्या बायका मॅमोग्रामची फिल्म मात्र कुठेतरी हरवतात. असो.

आकडे विचाराल, तर सांगते. ब्रिटनच्या तपासणी कार्यक्रमात १०० जणींची मॅमोग्राफी झाली की साधारण ४ जणींना परत बोलावतात, आणि त्या चौघींपैकी साधारण एकीला कॅन्सर निघतो. अमेरिकेत १०० पैकी १० जणींच्या आसपास बोलावणं जातं, पण तिथे बोलावलेल्या दहा जणींमागे एकीपेक्षाही कमी प्रमाणात कॅन्सर निघतो. इतका फरक का? जिथे थोड्याशा शंकेवरही बोलावतात, तिथे बोलावलेल्यांत सुखरूप सुटणाऱ्याही जास्त. म्हणून कुठला तरी एक आकडा धरून त्यात स्वतःला बसवू नका. दोन्हीकडे, बोलावलेल्यांतल्या बहुतेक जणी कॅन्सर नाही हे ऐकूनच घरी जातात. काहींच्या बाबतीत निघतो, हेही मी झाकून ठेवणार नाही. ते झाकलं, तर माझ्या बाकीच्या बोलण्यावर तुम्ही विश्वास का ठेवावा?

हे सगळं ठाऊक असूनही मला झोप लागली नव्हती, तेव्हा नुसत्या आकड्यांवर तुम्हाला झोप लागेल असं मी म्हणत नाही. त्या दोन दिवसांत मी काय काय चुकीचं केलं ते सांगते, त्याचा कदाचित जास्त उपयोग होईल.

डावा स्तन मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा चाचपून पाहिला. अंघोळ करताना, दार लावून, झोपताना कुशीवर वळून. संध्याकाळपर्यंत तिथे दुखायला लागलं. मग मनात आलं, दुखतंय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे! दाबून दाबून दुखवलं मीच, आणि त्याचा पुरावा केला तोही मीच. मॅमोग्राममध्ये दिसणारी गोष्ट बऱ्याचदा बोटांना लागण्याइतकी मोठीच नसते. तेव्हा फोन आल्यापासून तपासणी होईपर्यंत हात लांब ठेवा. आधीपासून गाठ लागत असेल, तर ती मात्र तिथे आवर्जून दाखवा.

दुसरी चूक मोबाइलची. रात्री दोन वाजता मी परक्या बायकांचे मॅमोग्राम बघत होते. दिवसभर तेच बघते, आणि रात्री पुन्हा तेच! त्यातलं एकही चित्र माझं नव्हतं.

तिसऱ्या प्रयत्नाचा थोडाफार उपयोग झाला. मानसोपचारात ही युक्ती वापरतात: काळजीला वेळ ठरवून द्यायची. मी संध्याकाळी सहा ते साडेसहा ठरवली. दिवसभरात मन तिकडे वळलं की स्वतःला सांगायचं, सहाला बघू. सहा वाजले की कागद-पेन घेऊन बसायचं आणि येईल ते सगळं लिहायचं. मला हे पोरकट वाटलं होतं. लिहून झाल्यावर मोजले तर प्रश्न अकरा निघाले. सातांची उत्तरं डॉक्टरच देऊ शकणार होते, तीन रजेचे होते, आणि एक होता: मुलीला सांगायचं का? मध्यरात्री हेच अकरा प्रश्न शंभर वाटत होते. काळजी काही गेली नाही, पण घरभर फिरायची ती एका कागदावर आली.

मुलीला मी सांगितलं. किती जणांना सांगावं, याबद्दल माझं मत आहे की दोन माणसं पुरेत: एक सोबत येणारं, एक ऐकून घेणारं. बातमी दहाव्या माणसापर्यंत गेली की त्याला कुणाची तरी मावशी आठवतेच आणि तिचं पुढे काय झालं तेही तो सांगतो. घरातल्या पुरुषांना म्हणेन, धीर द्यायला शब्द सापडत नसतील तर शोधू नका. “किती वाजता निघायचं?” एवढं विचारा.

फोन येतो तेव्हा गडबडीत काही सुचत नाही. मग नंतर उलटा फोन करा, आम्हाला त्याचा त्रास होत नाही. कुठल्या बाजूचे फोटो हवेत, सोनोग्राफी त्याच दिवशी होणार का, डॉक्टर तिथेच भेटून सांगतील का, नाहीतर रिपोर्ट किती दिवसांत मिळेल, हे विचारून घ्या. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. किती दिवस थांबायचं हे माहीत असलं की थांबणं जरा सोपं होतं. आणि लवकरात लवकर जा. चार दिवस इकडे-तिकडे झाल्याने सहसा बिघडत नाही, पण ‘जरा मोकळी झाले की जाईन’ असं म्हणणाऱ्या कित्येक जणींचे महिने गेलेले मी बघितलेत.

आता त्या खोलीतलं. परत येता तेव्हा आम्ही सगळा स्तन नाही, शंकेची तेवढीच जागा छोट्या पट्टीखाली दाबतो. दाब जास्त जाणवतो. त्याने आतले पदर पसरतात आणि घडी उलगडते. कॅल्शियमचे कण बघायचे असतील तर तोच भाग मोठा करून फोटो घेतो. काही सेकंदांचं काम. त्यानंतरची पाच-दहा मिनिटं अवघड असतात. मी “बसा हं, डॉक्टरांना दाखवून येते” म्हणून बाहेर जाते, आणि तुम्ही एकट्या, अंगावर तो गाऊन, दाराकडे डोळे लावून. मी परत येते तेव्हा तुम्ही माझा चेहरा वाचता. कृपा करून वाचू नका. आमचे चेहरे कामाच्या वेळी दगडासारखेच असतात. मी कपाळाला आठी घालून आले असेन, तर प्रिंटर अडकला असेल. मला एकदा एका बाईंनी विचारलं, “तुम्ही माझ्याशी एवढं गोड का बोलताय? वाईट आहे ना?” त्या दिवशी माझा मूड चांगला होता, एवढंच होतं.

डॉक्टरांनी आणखी एक फोटो मागितला म्हणूनही घाबरू नका. आम्ही चौथा फोटोही काढतो आणि बाई हसत घरी जाते.

पुढे काय होतं? बहुतेकींचं तिथेच संपतं. काहींना सहा महिन्यांनी यायला सांगतात. बाय-रॅड्समध्ये हा ३ चा आकडा, आणि त्यात कॅन्सर असण्याची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी धरलेली असते. काहींना सुईची बायोप्सी सुचवतात. जागा बधिर करून सुईने लहानसा तुकडा काढतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. बायोप्सी म्हटलं की धस्स होतं, पण बायोप्सी झालेल्यांतही कॅन्सर न निघणाऱ्या जास्त असतात. मला विचाराल, तर मनाला जड जातं ते सहा महिन्यांचं थांबणं. बायोप्सीचं उत्तर काही दिवसांत येतं. सहा महिने मात्र घरात एक प्रश्न वावरत राहतो. तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि मधल्या काळात त्या सहा ते साडेसहाच्या वेळेलाही सुट्टी द्या.

माझं काय झालं? पट्टीखाली दाब दिला आणि तो डाग पसरून नाहीसा झाला. दोन पदर एकमेकांवर आले होते. डॉक्टर म्हणाले, “जा, कामाला लागा.” मी आनंदाने रडेन असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसता थकवा आला, आणि दोन आठवडे मी विनाकारण चिडत होते. नंतर एक डॅनिश अभ्यास वाचनात आला, २०१३ सालचा. त्यात दिसलं होतं की परत बोलावून ‘कॅन्सर नाही’ असं सांगितलेल्या स्त्रियांच्या मनावर त्याचा परिणाम तीन वर्षांनंतरही पूर्ण पुसलेला नव्हता. तेव्हा सगळं ठीक आहे हे कळूनही तुमचा जीव लगेच भांड्यात पडला नाही, तर स्वतःला वेडं ठरवू नका.

पण यातूनच एक धोका निघतो. अमेरिकेत २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदींच्या अभ्यासात, सरळ चांगला रिपोर्ट मिळालेल्या १०० पैकी ७७ जणी पुढच्या तपासणीला आल्या. विनाकारण शंका निघून थोड्या महिन्यांनी परत यायला सांगितलेल्यांत मात्र हे प्रमाण ६१ होतं. जिवाला घोर नको म्हणून तपासणीच नको.

मी त्यांना नावं ठेवणार नाही. पुढच्या वर्षी माझी तारीख आली तेव्हा मी पाच महिने टाळलं. मशीन माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर! आज पेशंट जास्त आहेत, आज पाठ दुखतेय, पुढच्या आठवड्यात नक्की. शेवटी एका दुपारी शेवटच्या बाई आल्याच नाहीत. मला फोन करणारी तीच मुलगी दारात उभी राहून म्हणाली, “मॅडम, मशीन रिकामं आहे. या.” मी म्हटलं, “अगं, मी आज पावडर लावून आलेय.” तिने काही न बोलता ओला टिश्यू माझ्या हातात दिला.

नमस्कार.