काळा बंपर, सिल्व्हर गाडी

हे कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. सकाळचे नऊ वाजलेत, शटर अजून अर्धंच वर गेलंय आणि शेजारी पत्र्यावर हातोडा सुरू पण झालाय.

गाडी जुनी आल्टो, सिल्व्हर. बेस मॉडेल म्हणून बंपर काळा, आरशांची कव्हरं काळी, आणि आता तर उन्हाने तो काळा पण राखाडी झालाय. मालकांना सगळं बॉडीच्या रंगात पाहिजे. बंपर कालच उतरवला, तेव्हा आमचा कॅमेरा नव्हता, त्यामुळे थेट इथून बघू.

बंपरच्या आतल्या बाजूला शिक्का दिसतोय? पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आणि हे बघा, पाणी मारलं तर थेंब नुसते घरंगळतायत, अळवाच्या पानावरून जातात तसे. पाण्याचं जे होतं तेच रंगाचं, धरतच नाही. तसाच रंग मारला तर पहिल्या दिवशी एकदम झकास दिसतो आणि पुढे प्रेशर वॉशखाली पोपडे निघतात. असले बंपर इथल्या रंगाच्या मिस्त्रींकडे महिन्याला येतात, दुसऱ्यांनी रंगवलेले.

म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुणं, मग कापडाने पुसणं, मग परत पुसणं, कारण वर्षानुवर्षं लावलेलं पॉलिश आतल्या दाण्यात बसलेलं असतं, त्यातलं सिलिकॉन राहिलं की रंगाला माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात. मग वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. काळ्या बंपरला चामड्यासारखा दाणा असतो, तो घासून सपाट केला नाही तर रंगातनं वर दिसतो, आणि जोरात घासलं की पीपीला बारीक तंतू उठतात. मिस्त्रींची बोटं बघा, डोळे बंपरकडे नाहीतच, सगळं बोटांवर चाललंय. हा शॉट आम्ही मुद्दाम लांबवलाय.

आता प्लास्टिकचा प्रायमर, पाण्यासारखा पातळ. खरी पकड हाच देतो, कॅमेऱ्यात मात्र काहीच दिसत नाही. आरशांची कव्हरं एबीएसची, म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकची, ती एवढा त्रास देत नाहीत.

मग शेड. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर मिळतो, झेड-टू-एस, सिल्की सिल्व्हर. पण कोड नव्या गाडीचा आणि ही गाडी उन्हात राहिलेली. त्यामुळे मिस्त्री आधी कार्डावर मारतात, वाळवतात, फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, लावून उन्हात बघतात, परत थेंबभर टिंटर, म्हणजे छटा बदलणारा रंग, घालतात. चौथं कार्ड चाललंय हे. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे कण असतात, रंगाचा हात ओला पडला की ते खाली बसतात आणि रंग गडद दिसतो, कोरडा पडला की फिका. म्हणजे डबा एकच, शेड दोन.

फरशीवर पाणी मारलं, धूळ बसावी म्हणून. स्प्रे गन सुरू. वीतभर अंतर, मनगट वळत नाही, पूर्ण हात सरकतोय. रंगाचा पहिला हात हलका, मग थांबायचं, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, आणि त्यात लवचिकपणा आणणारं ॲडिटिव्ह, कारण बंपर दबतो, पत्र्यासाठीचा कडक क्लिअर त्यावर तडकतो. क्लिअर घट्ट होण्यासाठी त्यात घालतात त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा लागू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. असो.

आता ही चकाकी बघा, ट्यूबलाईट कशी उतरलीये त्यात.

रात्रभर वाळवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी बंपर बसवला. मालक गाडीभोवती दोन चकरा मारून आले.

फेंडर आणि बंपर जिथे मिळतात तिथे तिरक्या उन्हात किंचित फरक आहे, अगदी केसाएवढा. मिस्त्री वाकून तेवढंच बघतायत.