पाण्याचा लेप

(दृश्य : दंडाच्या मागच्या बाजूला लावलेला सेन्सर. शेजारी मोबाइलवर साखरेचा आलेख.)

मधुमेह असलेल्यांच्या दंडावर हल्ली अशी चकती दिसते. तिच्या खाली एक बारीक तार असते, कातडीच्या आत जेमतेम पाच मिलिमीटर गेलेली. बऱ्याच सेन्सरांत या तारेवरचं एन्झाइम साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. प्लॅटिनमवर त्याचं विघटन होतं आणि नॅनोअँपिअरमध्ये मोजावा लागेल इतका क्षीण प्रवाह मिळतो. मोबाइलवरचा आकडा येतो तो त्यातून.

मोठी अडचण अशी. तार आत गेल्यापासून काही सेकंदांत तिच्यावर प्रथिनं बसू लागतात.

(दृश्य : जुनं प्रयोगशाळेचं छायाचित्र.)

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अँटिऑक कॉलेजमध्ये, लेलँड क्लार्क यांनी रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र तयार केलं होतं. त्यावरचा लेख संपादकांनी परत पाठवला. बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती, हे मोजलंय कुठे? प्रश्न रास्त होता. प्लॅटिनमने ऑक्सिजन मोजायची रीत ठाऊक होती, पण रक्तात उघडं प्लॅटिनम बुडवलं की ते माखून जायचं आणि प्रवाह घसरायचा. क्लार्क यांनी आधी त्याच्यावर सेलोफेन चढवलं. मग प्लॅटिनमचा आणि त्याच्या जोडीचा, असे दोन्ही इलेक्ट्रोड (प्रवाहाची टोकं) पॉलिथिनच्या पातळ पडद्याआड ठेवले. या पडद्यातून ऑक्सिजन आरपार जातो, प्रथिनं बाहेरच राहतात. हे काम १९५६ मध्ये प्रसिद्ध झालं. १९६२ मध्ये क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी पडद्याआड ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम कोंडलं आणि साखर मोजण्याची कल्पना मांडली. आपल्या दंडावरचा सेन्सर याच घराण्यातला.

पडद्यामुळे प्लॅटिनम वाचलं. पण खुद्द पडद्याचं काय?

डच वंशाचे रक्तशास्त्रज्ञ लिओ व्रोमन यांनी अशा पृष्ठभागांवर काय चालतं ते बारकाईने पाहिलं. (हे गृहस्थ डच भाषेतले नावाजलेले कवीही होते.) रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन मुबलक, म्हणून ते आधी पोचून जागा धरतं. मागून फायब्रिनोजेन हे दुसरं प्रथिन येतं. त्याची पकड घट्ट, ते अल्ब्युमिनला हुसकावून लावतं. पुढे त्यालाही हटवणारे येतात. फायब्रिनोजेन एकदा चिकटलं, उलगडलं, की भक्षक पेशींना पाहुणा परका असल्याची खूण पटते. त्या तारेभोवती गोळा होतात, एकमेकींत मिसळून राक्षसी पेशी बनतात, आणि काही आठवड्यांत भोवती कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा कोश तयार होतो. कोशापलीकडची साखर तारेपर्यंत उशिरा पोचते. ऐकू येण्यासाठी कानात बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये असाच कोश विद्युतप्रवाहाला अडवतो. मेंदूतल्या इलेक्ट्रोडभोवती हेच काम मेंदूतल्या आधार पेशींचा व्रण करतो.

(दृश्य : स्वयंपाकघर. रिकाम्या पातेल्यात चमचाभर पाणी फिरवून मग दूध ओतलं जातं.)

दूध बुडाला लागू नये म्हणून घरोघरी हे करतात. दुधातली प्रथिनं आणि धातू यांच्यामध्ये पाणी ठेवायचं. पातेल्यातलं पाणी मात्र लगेच दुधात मिसळतं. इलेक्ट्रोडवर ते बांधून ठेवावं लागतं.

त्यासाठी बराच काळ भरवसा होता पॉलिइथिलीन ग्लायकॉल या लांब साखळीच्या रेणूवर. त्याच्या लवचीक साखळ्या पाणी धरून ठेवतात. प्रथिनाला चिकटायचं तर आधी ते पाणी बाजूला सारावं लागतं, आणि तो सौदा ऊर्जेच्या हिशोबात महाग पडतो. पण शरीरात या साखळ्यांचं हळूहळू ऑक्सिडीकरण होतं. आता जोर आहे तो एकाच घटकात धन आणि ऋण असे दोन्ही प्रभार असलेल्या रेणूंवर. एकूण प्रभार शून्य, पाण्यावर पकड अधिक घट्ट. आपल्या पेशींच्या बाह्य आवरणात फॉस्फोरिलकोलिन असतं ते याच जातीचं. जपानमध्ये काझुहिको इशिहारा यांनी त्यावरून पॉलिमर घडवले. २०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच जातीचं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल) उंदरांच्या कातडीखाली ठेवलं. तीन महिन्यांनंतरही भोवती कोश जमला नव्हता.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पण ते नुसतं जेल होतं, त्यातून कुठलीही तार काही मोजत नव्हती. पाणी शोषून फुगणारा थर गुळगुळीत धातूवरून सुटतो. तो टिकवायला शिंपल्यांच्या चिकट प्रथिनांवरून सुचलेलं पॉलिडोपामिन वापरून पाहतात. शिवाय लेप जाड झाला की सेन्सर मंदावतो, आणि फार पातळ ठेवला तर आत खुपसताना खरवडला जातो.

पेसमेकरवाल्यांनी वेगळी वाट धरली. तारेच्या टोकाशी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ठेवलं. ते हळूहळू झिरपतं आणि सूज आवरतं. प्रथिनं बसायची ती बसतातच.

(दृश्य : सेन्सर काढताना, जवळून.)

दहा-पंधरा दिवसांनी हा सेन्सर काढून टाकतात. त्याचा सगळा दोष प्रथिनांच्या माथी मारता येत नाही. एन्झाइम थकतं, चिकटपट्टी घामाने सुटते. आणि सुई शिरतानाच बारीक रक्तवाहिन्या फुटतात. लेप कितीही चांगला असला, तरी ती जखम त्याला टाळता येत नाही.