सुरूरच्या वडाखाली शांत होणारा घोडा

(साताऱ्यात घोडे पाळणाऱ्या मंडळींसमोर एका पशुवैद्याने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, सुरूर फाट्यावरून वाईकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुने वड आहेत, ते तुम्ही पाहिलेच असतील. त्या रस्त्यावर मी एकदा एका घोड्यामागे मोटारसायकलवरून तासभर फिरलो. नऊ वर्षांचा, खच्ची केलेला, अंगाने भरलेला घोडा. फेब्रुवारीचे दिवस, सकाळचे साडेनऊ वाजलेले. वडाच्या सावलीत असेपर्यंत कान पुढे, दुडकी चाल एकसारखी. सावली संपून उन्हाचा पट्टा आला की चार-सहा टापांत त्याचं नाक वर उडायचं. नाकपुडीत कुणी सुई टोचावी तसा झटका. लगेच फुरफुरणं, पुन्हा झटका, आणि मग धावता धावताच नाक पुढच्या पायाला घासायला तो खाली वाकायचा. दोनदा तर अडखळून गुडघ्यावर येता येता राहिला. पुढचा वड आला की पुन्हा शांत.

त्याचे मालक मला म्हणाले होते, "डॉक्टर, याला खोडी लागलीय. आधीच्या माणसानं लपवून गळ्यात मारला." अंगावरचे भोवरे बघून, शुभचिन्ह म्हणून देवमण बघून घेतलेला घोडा. त्यामुळे फसवले गेल्याचं दुःख जास्त. तोवर नजर उतरून झाली होती, लिंबू-मिरची झाली होती, आणि एका जाणत्या म्हणवणाऱ्याच्या सल्ल्यावरून काटेरी लगामही घालून झाला होता. मी घोड्याचं तोंड उघडलं तेव्हा ओठांचे दोन्ही कोपरे सोललेले होते. काटेरी लगामाला आपल्याकडे १९६५च्या नियमांपासून बंदी आहे. तरी तो वरातीच्या घोड्यांच्या तोंडात सर्रास दिसतो. आज दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण घरी तसला लगाम असेल तर तो मोडीत घाला.

आता घोडा अशी मान का झटकतो, ते सांगतो. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यातली पाचवी जोडी, ट्रायजेमिनल नर्व्ह, चेहऱ्याची संवेदना वाहून नेते: नाक, ओठ, दात, डोळ्यांभोवतीचा भाग. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याचा प्रत्येक श्वास नाकातूनच, म्हणजे याच नसेच्या टोकांवरून जातो. चौखूर धावताना तर वाराच आत घुसतो. ही नस नको तितकी हळवी झाली की वारा, धूळ, परागकण, कधी नुसता लख्ख उजेड, एवढ्यानेही तिच्यातून कळ निघते.

माणसांमध्येही याच नसेचं एक दुखणं असतं. ते ज्यांना आहे त्यांना विचारा. तोंड धुताना, दाढी करताना, पंख्याचा वारा गालावर आला तरी विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते, असं ते सांगतात. काहींना अन्नाचा घास नकोसा होतो. घोड्याला सांगता येत नाही, एवढाच फरक. आणि उजेडाचं नवल वाटत असेल तर आठवून बघा, आपल्यातली कितीतरी माणसं अंधाऱ्या खोलीतून उन्हात आली की शिंकतात. उजेड डोळ्यावर पडतो आणि हुळहुळतं नाक.

२०१३ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांचं एक काम प्रसिद्ध झालं. त्यांनी भूल दिलेल्या घोड्यांच्या या नसेला बारीक वीजप्रवाह देऊन ती केव्हा जागी होते ते मोजलं. निरोगी घोड्यांची नस १० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाहाला जागी झाली. मान झटकणाऱ्यांची ५ किंवा त्याहून कमी प्रवाहालाच. पुढे ज्याचा त्रास ठरावीक ऋतूतच व्हायचा अशा घोड्याची नस त्रास नसलेल्या दिवसांत तपासली, तर ती निरोगी घोड्यासारखीच निघाली. नसेचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरी त्यात बिघाड सापडत नाही. म्हणजे नस कुजलेली नाही, तुटलेली नाही, तिचं काम करण्याचं माप बिघडलेलं आहे. मला हे वाचून फार धीर आला होता. जे मोडलेलं नाही ते पुन्हा जागेवर येऊ शकतं.

पण थांबा. मान झटकणारा प्रत्येक घोडा नसेचाच रोगी असं समजू नका. ही चूक उलट्या बाजूने होते. नसेचं निदान सगळ्यात शेवटी, बाकी सगळं तपासून झाल्यावर करायचं असतं. मी दातांपासून सुरू करतो. कोरडा कडबा चावून चावून वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या होतात आणि गालाला आतून कापतात. काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे एक लहानसा बिनकामाचा दात येतो आणि लगामाची कडी नेमकी त्यावर आपटते. कानस मारली, तो दात काढला, की मान झटकणं थांबलेले घोडे मी पाहिलेत. दाढेच्या मुळाशी पू असेल तर एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड येतो. तो वास एकदा घेतला की विसरत नाही. मग कान: आत गोचीड असते, बारीक किडे असतात. असा घोडा मान आडवी झटकतो, वर-खाली नाही. डोळा नीट बघायचा, जबड्यामागची जागा चाचपायची, मान आणि पाठ दाबून बघायची. खोगीर कुठे रुततं, तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, कुठे काचतो, आणि स्वाराचा हात लगामावर किती जड आहे, हेही त्यातच आलं. शंका राहिली तर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात घोडा घेऊन जा. खेड्यातल्या गोठ्यात टॉर्च लावून जे दिसत नाही ते तिथे शोधता येतं.

घरी एक चाचणी मात्र प्रत्येकाला करता येईल. लगाम, खोगीर, सगळं उतरवा. नुसत्या मोहरकीवर, म्हणजे तोंडात कडी नसलेल्या दोरीच्या म्होरक्यावर, लांब दोरीने, मोकळ्या मैदानात घोडा गोल फिरवा. दहा मिनिटं दुडकी चालवा. लगाम नसताना झटके थांबले तर आधी लगामाकडे आणि दातांकडे बघा. अंगावर काहीही नसताना, पाठीवर कुणी नसताना तसाच झटकत राहिला, तर त्याला खोडकर म्हणण्याचा आपला हक्क संपला. कुणाला फसवायचंय त्याने, पाठीवर कुणी नसताना?

माशीने त्रासलेला घोडा आणि हा घोडा यांत फरक ओळखता येतो. माशी बसली की घोडा शेपटी मारतो, कातडी थरथरवतो, मान सावकाश वळवतो. नसेचा झटका आखूड आणि अचानक असतो, बहुतेक वेळा खालून वर. घोडा पुढच्या पायाने नाकावर मारायला बघतो. दुसऱ्या घोड्याच्या शेपटीत नाक खुपसून चालतो. उभा असताना सावली शोधतो. काम वाढलं की त्रास वाढतो. खच्ची केलेल्या घोड्यांत तो जास्त दिसतो आणि सुरुवात बहुतेकदा ऐन उमेदीच्या वयात होते. त्यामुळेच मालकाला वाटतं, इतकी वर्षं चांगला चालला, आताच याला काय झालं.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत सांगलीकडच्या एका गाडीवानाने अशीच मान उडवणारी घोडी आणली होती. मी दात बघितले, काही सापडलं नाही, आणि म्हणालो, जेरबंद आवळून टाका. जेरबंद म्हणजे तंगापासून तोंडापर्यंत जाणारी पट्टी, मान वर जाऊ न देणारी. आपण माणसाला जेरबंद केला म्हणतो, तो शब्द तिथूनच आलाय. त्या घोडीला कळ आली, मान वर जाईना, तेव्हा ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि गाडीसकट रस्त्याच्या कडेला पडली. गाडीवानाचं मनगट मोडलं. घोडी वाचली, पण त्याने ती विकली. कुणाला आणि कशासाठी विकली ते मी विचारायचं धाडस केलं नाही. दुखऱ्या जागेपासून दूर पळायची एकच वाट तिला होती, आणि ती मी पट्टीने बांधून टाकली होती.

आता उपाय. सगळ्यात साधा आणि मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे नाकाची जाळी. मळणीच्या वेळी बैलाला मुसकं बांधतो ना, त्याचाच हलका भाऊ समजा. फरक एवढाच की ही जाळी मऊ हवी, नाकपुड्यांवरून यावी, वरच्या ओठाला सतत हळूच टेकलेली राहावी आणि खाली तोंड मोकळं ठेवावं. ती धूळ अडवते म्हणून काम करते असं पूर्वी वाटायचं. आता समज अशी की तो सततचा हलका स्पर्शच कळेची वाट अडवतो. कोपर आपटलं की आपण हाताने चोळतो तसंच. साधारण चारपैकी एका घोड्याला जाळीने भरपूर फरक पडतो, आणखी काहींना थोडा. न चालली तर नुकसान काही नाही. उजेडाने त्रास होणाऱ्याला डोळ्यांवर गडद जाळीचा मुखवटा घालून बघा, पण घाटात नाही, आधी मैदानात.

धूळ कमी करा. कडबा पाण्याचा हबका मारून द्या. तोबऱ्यात धुळकट भुसा घालून तो तासभर नाकाला बांधून ठेवणं बंद करा. रपेट पहाटे किंवा दिवेलागणीला. आजूबाजूला उसाचं पाचट पेटवलं असेल त्या दिवशी घोडा बाहेर काढू नका.

औषधं आहेत. माणसांच्या त्याच दुखण्यावरचं कार्बामाझेपिन घोड्यांवरही वापरलं गेलंय, सायप्रोहेप्टाडिनही. पण कार्बामाझेपिन घोड्याच्या अंगातून फार लवकर उतरतं, आणि गुंगी येते. गुंगीतल्या घोड्यावर कुणीही बसू नये. मेडिकलमधून गोळ्या आणून स्वतः देऊ नका, हात जोडून सांगतो. पूर्वी चेहऱ्यावरची नस कापून टाकायचे. फायदा थोड्यांनाच झाला आणि काहींचं दुखणं वाढलं, म्हणून ते मागे पडलं. ब्रिटनमध्ये आता त्वचेखाली बारीक सुई घालून नसेला ठरावीक वीजप्रवाह देतात, काही दिवसांच्या अंतराने तीनदा. निम्म्याच्या आसपास घोड्यांना त्यातून उतार पडतो, काहींना पुन्हा द्यावं लागतं. आपल्या जिल्ह्यात ही सोय मी अजून पाहिलेली नाही. ती यावी ही माझी फार इच्छा आहे.

आणि एक वही करा. तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा, कुठला रस्ता, किती झटके. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान आठ दिवस थांबा. ऋतू बदलला की काही घोडे आपोआप थांबतात, आणि त्या आठवड्यात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. मग तो काळा दोरा असो नाहीतर मी दिलेली पावडर. वही असली की दुसऱ्या वर्षी खरं काय ते कळतं.

काही घोड्यांचं दुखणं मात्र कशालाच दाद देत नाही. ते उभ्या जागी झटकत राहतात, खाणं सोडतात. अशा वेळी त्याला पुढे ढकलून विकू नका. मला बोलवा. त्याचं दुखणं संपवणं हाही माझ्या कामाचाच भाग आहे, आणि मी तुमच्या शेजारी उभा राहीन.

सुरूरच्या रस्त्यावरचा तो घोडा अजून वाईजवळच आहे. तोंड बरं व्हायला तीन आठवडे गेले, तोवर लगाम घातलाच नाही. मग जाळी. पहिल्याच दिवशी उन्हाच्या पट्ट्यात मी मोजले, पूर्वी शंभर पावलांत पंधरा-सोळा झटके यायचे तिथे तीन आले. फेब्रुवारी ते मे त्याला उन्हात काढत नाहीत, पावसाळ्यात तो जाळीशिवाय चालतो. जाळी मालकाच्या आई शिवतात, जुन्या मच्छरदाणीची, कडेला सुती नाडा लावून. सुताने काचत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. त्यांनी आज एक शिवून पाठवली आहे, इथे टेबलावर ठेवतो. हातात घेऊन बघा, नाडा कुठे येतो ते नीट बघा, आणि ज्यांना माप हवं आहे त्यांनी जाताना कागदावर काढून घ्या.