ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

(इंदूरमधल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

डेंग्यूबद्दल मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे, म्हणून ती आधीच सांगते. डेंग्यूचा ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला असं धरू नका. ताप उतरल्यापासूनचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सगळ्यांत जास्त जपायचे असतात. आपल्या घरांत नेमकं उलटं होतं. ताप १०३ असतो तेव्हा सगळं घर जागं असतं, आणि थर्मामीटर ९८ दाखवायला लागला की देवापुढे साखर ठेवून सगळे झोपायला जातात.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी यातून गेले. सकाळी बरी होते आणि दुपारी चारच्या चहापर्यंत हुडहुडी भरली. डोळ्यांच्या मागे असा ठणका, की नजर इकडून तिकडे वळवली तरी कळ यायची. कंबर आणि मांड्या कुणी कुटून काढल्यासारख्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिली आणि बजावलं, की अंग कितीही दुखलं तरी आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांतलं काही घरातल्या डब्यातून काढून घ्यायचं नाही, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असलेली मंडळी इथे बरीच असतील. त्यांनी ती आपल्या मनाने बंदही करू नये आणि चालूही ठेवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

तपासणीचं थोडक्यात सांगते. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही चाचणी करतात, ती रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधते. त्यानंतर आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी. सरकारी प्रयोगशाळांत आयजीएमसाठी जी किट वापरतात ती आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात. माझी एनएस-१ पॉझिटिव्ह आली, उलट्या थांबेनात, आणि मुलाने मला दवाखान्यात भरती केलं.

तो दवाखाना कुठला हे महत्त्वाचं नाही, कारण त्या दिवसांत शहरातल्या कुठल्याही मोठ्या वॉर्डात तेच दिसलं असतं. पलंग भरलेले, दोन पलंगांच्या मधल्या जागेत गाद्या, गॅलरीतही गाद्या, आणि सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली. धार, देवास, खरगोन, झाबुआ, सगळीकडचे पेशंट इंदूरलाच येतात. रात्रपाळीला एक सिस्टर आणि तिच्यापुढे एवढी माणसं. ती बाई एका टोकापासून बीपी घ्यायला निघायची आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या पेशंटची वेळ पुन्हा झालेली असायची. तिने कधी आवाज चढवला नाही. तरुण निवासी डॉक्टर उभ्याउभ्या बिस्कीट खाऊन पुढच्या पेशंटकडे जायचे. त्या मुलामुलींचे माझ्यावर उपकार आहेत.

आणि म्हणूनच सांगते, की अशा ठिकाणी पेशंटवर नजर ठेवायचं निम्मं काम अटेंडरला, म्हणजे जवळ थांबलेल्या नातेवाइकाला, करावं लागतं. माझी सून घरून एक शंभर पानी वही घेऊन आली. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आकडे मांडून ठेवायची सवय आमच्या घरात सगळ्यांनाच आहे. तिने चार रकाने आखले: किती वाजता काय प्यायले, लघवी कधी आणि किती झाली, बीपी, आणि रक्ताच्या रिपोर्टमधला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के तो आकडा. लघवी मोजायला तिने पाण्याची रिकामी बाटली कापून त्यावर खुणा केल्या होत्या.

माझ्या शेजारच्या पलंगावर खरगोनकडची एक तरुण मुलगी होती, दोन लेकरांची आई. एका सकाळी तिचा ताप उतरला. नवरा आनंदाने माझ्या सुनेला म्हणाला, "भाभीजी, बुखार तो उतर गया, अब छुट्टी करवा लेते हैं।" त्याची रोजची मजुरी बुडत होती, लेकरं गावी म्हाताऱ्या आजीपाशी होती. त्याचं काय चुकलं? पण ती मुलगी पोट धरून कुशीवर पडून होती, हाक मारली तर उशिरा ओ द्यायची. सुनेने विचारलं, लघवीला कधी गेली होती? तर आदल्या रात्रीनंतर गेलीच नव्हती. सून धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. बीपी ९०/७५ भरलं. पुढच्या काही मिनिटांत तिथे जी पळापळ झाली ती मी पडल्यापडल्या बघत होते. दोन्ही हातांना सलाईन लागली, दर थोड्या वेळाने नाडी बघणं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उठून बसली आणि तिने वरणाचं पाणी मागून घेतलं.

तिचं नेमकं काय झालं होतं ते मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे साधारण ताप खाली येतो त्याच सुमाराला, काही जणांच्या केशवाहिन्या, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या, माठासारख्या पाझरू लागतात. रक्तातला पातळ भाग पोटात, छातीत झिरपतो. रक्तवाहिन्यांत उरलेलं रक्त घट्ट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट वाढतो. तो मूळच्या आकड्यापेक्षा वीस टक्के चढला, समजा ३५चा ४२ झाला, तर पाझर बराच आहे असं धरतात. बीपीचा वरचा आकडा बराच वेळ ठीक दिसू शकतो. बघायचं असतं ते वरच्या आणि खालच्या आकड्यांतलं अंतर. ते २० किंवा त्याहून कमी झालं की धोका दारात आला. त्या मुलीचं अंतर पंधरा होतं. पोटात सारखं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, अतोनात ग्लानी किंवा अस्वस्थ चुळबुळ, हातपाय गार पडणं, चार-सहा तासांत लघवी न होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी ताप नाही म्हणून थांबायचं नाही.

आता प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. वॉर्डात सकाळी एकमेकांना विचारायचा प्रश्न एकच: "किती आल्या?" कुणाच्या चाळीस हजार, कुणाच्या पंचवीस हजार. आकडा ऐकून नातेवाईक रडायला लागायचे, रक्तपेढ्यांकडे धावायचे, व्हॉट्सअ‍ॅपवर दाते शोधायचे. किवीचा भाव वाढलेला, शेळीच्या दुधाला रांग, आणि पपईच्या पानांचा कडू रस पाजून आधीच उलट्या होणाऱ्या माणसाला आणखी उलट्या. लोकांची ती तगमग मी समजू शकते. आपलं माणूस पडलेलं असलं की हातून काहीतरी व्हावं असं वाटतंच. पण रक्तस्राव नसेल तर साधारणपणे दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट्स चढवायची गरज नसते. पाझर थांबला की शरीर त्या स्वतःच तयार करतं. शिवाय काढलेल्या प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात. आपण उगाच एक पिशवी अडवली, तर खरंच रक्त जाणाऱ्या पेशंटला त्या रात्री ती मिळत नाही. त्या धावपळीतला अर्धा वेळ जर पेशंटच्या तोंडात ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी घोट घोट घालण्यात गेला असता, तर वॉर्डातल्या कितीतरी जणांना बरं वाटलं असतं. हे मी फार कळकळीने सांगते आहे.

पुढे अजून एक वळण असतं आणि तिथे घरचे डॉक्टरांशी भांडतात. पाझर एक-दोन दिवसांत थांबतो आणि झिरपलेलं पाणी परत रक्तात यायला लागतं. तेव्हाही सलाईन चालूच ठेवली तर ते पाणी फुप्फुसांत साठून दम लागतो. म्हणून डॉक्टर सलाईन बंद करतात. आमच्या समोरच्या काकांची सलाईन काढली तेव्हा त्यांच्या मुलांनी मोठा गोंधळ घातला, पेशंटकडे दुर्लक्ष करता म्हणून. खरं तर ती काढली म्हणजे काका सुटले होते. त्याच सुमाराला अंगावर लाल चट्टे उठतात, मधेमधे पांढरे ठिपके राहतात, तळहात-तळपायांना अशी खाज सुटते की झोप येत नाही. त्याला घाबरू नये.

वॉर्डातल्या मच्छरदाणीबद्दल सांगायलाच हवं. मुलाने घरची मच्छरदाणी आणून बांधली तेव्हा काही जण हसले, झाला ना आता डेंग्यू, आता कशाला? पण ताप असलेल्या पहिल्या पाचेक दिवसांत पेशंटच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यांना रोग देऊ लागतो. त्याच मजल्यावर बाळंतिणी होत्या, हाड मोडलेली मुलं होती. ती मच्छरदाणी त्यांच्यासाठी होती. आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, म्हणून दिवसासुद्धा ती खाली सोडलेली हवी.

मला लोक विचारतात, २०१७पासून सलग कित्येक वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलेल्या आपल्या इंदुरात डेंग्यू कसा? एडिसला नाली लागत नाही, त्याला आपलं स्वच्छ पाणी आवडतं. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढून आपल्याकडे येतं, आणि बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं. म्हणून सुदामा नगर घ्या, राजेंद्र नगर घ्या, घरोघरी हौद, ड्रम, गच्चीवर टाकी. पाणी अर्धं संपतं, वरून नवं भरतं, ड्रम तळापर्यंत कधी रिकामा होतच नाही. डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात, आणि पाणी वर आलं की आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा आतली बाजू ब्रशने खसखसून घासावी लागते आणि वरून कापड घट्ट बांधावं लागतं. कूलरचं तेच, फ्रिजच्या मागच्या ट्रेचं तेच.

घरी आल्यावर कित्येक आठवडे मला जिना चढताना मधे बसावं लागायचं. दोनेक महिन्यांनी केस मूठमूठ गळले, मग आपोआप थांबले. मन उदास असायचं, उगीच रडू यायचं. हे पुष्कळांना होतं, घरच्यांनी "आता तर बरी झालीस ना" म्हणून टोचू नये.

शेवटचा मुद्दा. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. मला झाला तो कुठला होता, ते माझ्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही. त्या एका प्रकारापासून मला आता दीर्घकाळ संरक्षण आहे, उरलेल्या तिघांपासून नाही. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा डेंग्यू झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. इथे ज्यांना आधी होऊन गेला आहे त्यांनी पुढच्या कुठल्याही तापात डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगावं आणि जुना रिपोर्ट बरोबर न्यावा. माझा मी आधार कार्डाच्या पाकिटात ठेवला आहे, आणि सुनेला, मुलाला दोघांनाही दाखवून ठेवला आहे.

आता तुमचे प्रश्न घेते. ती वही मी बरोबर आणली आहे. रकाने कसे आखायचे ते कुणाला बघायचं असेल तर पुढे या.