पदरावरची तारीख

पैठण. सकाळचे अकरा. बसस्टँडवरून आत वळलं की दहा बाय बाराचा हा फोटो स्टुडिओ. पासपोर्ट फोटोसाठी निळा पडदा, एक स्टूल, भिंतीवर आरसा. आरशाखाली कंगवा, आणि तो कुणी खिशात घालू नये म्हणून त्याला बांधलेली सुतळी.

काउंटरवर एक जुना फोटो आलाय. लग्नाच्या मांडवातली एक बाई, अंगावर जांभळी पैठणी. आणि उजव्या कोपऱ्यात, बरोब्बर पदराच्या काठावर, नारिंगी आकडे : १४ ५ ९८. पुढच्या महिन्यात या बाईंचं वर्षश्राद्ध. लेकीला फोटो मोठा करून भिंतीवर लावायचाय.

"तेवढे आकडे काढा, दादा."

रिळाच्या कॅमेऱ्यांना ही एक हौस होती. मागच्या झाकणातले बारीक दिवे फोटो काढतानाच फिल्मवर तारीख उमटवायचे. म्हणजे ही शाई नव्हे, उजेड आहे. ज्याला तारीख बंद करायचं बटण सापडलं नाही, त्याच्या घरचा अर्धा अल्बम असाच नारिंगी.

'काढा' म्हणणं सोपं. पाटीवरचं अक्षर पुसलं की खाली पाटी असते. या आकड्यांखाली पदर उरलेलाच नाही. तो आजूबाजूनं आणून भरावा लागतो. भिंत असेल, आभाळ असेल, तर अर्ध्या मिनिटाचं काम. फोटोशॉपमधल्या लॅसोनं, म्हणजे जागा निवडायच्या दोरीनं, आकड्यांना वेढा घालायचा, तोही जरा सैल, कारण आकड्यांभोवती नारिंगी झाक पसरलेली असते. मग कंटेंट अवेअर फिल : आजूबाजूचं बघून कॉम्प्युटर ती जागा आपोआप भरतो. फोटोशॉपमध्ये ही सोय २०१० साली आली आणि स्टुडिओवाल्यांच्या कितीतरी रात्री वाचल्या.

इथंही आधी तेच करून पाहिलं. आकडे गेले. त्यांच्या जागी दोन चोचींचा, बिनशेपटीचा एक पोपट आला.

काठावर मुनियांची रांग आहे. मुनिया म्हणजे पैठणीच्या काठातले ते हिरवे इवलेसे पोपट. दुसऱ्या गावात हा दोन चोचींचा खपूनही गेला असता. पण ही पैठणी फोटोतल्या बाईंनी स्वतः मागावर बसून विणलेली. लेक स्क्रीनकडे वाकली.

"हा कुठला पक्षी म्हणायचा?"

मग हातानं. मूळ फोटोला धक्का नको म्हणून वर नवा लेयर, म्हणजे पारदर्शक थर. एका जागेचा नमुना उचलून दुसरीकडं उमटवणारा क्लोन स्टॅम्प घेतला, ऑल्ट दाबून चार पोपट वरच्या मुनियाच्या चोचीच्या टोकावर क्लिक केलं, आणि ती चोच खाली जिथं असायला हवी, नेमका तिथं ब्रश टेकवला. टोक एवढंसं हललं तरी सगळी रांग तिरपी दिसते. शिवाय पदराला चुणी पडलीये, त्यामुळं खालचा पोपट जरा आखूड आणि सावलीत. उचललेला पोपट तेवढा वळवला, काळसर केला. कडा दिसू नयेत म्हणून शेवटी हीलिंग ब्रश, जो भरलेला भाग आजूबाजूच्या रंगात मिसळवतो. तो २००२ पासूनचा, आणि माझ्या मते अजून त्याला तोड नाही. दुसऱ्या पोपटासाठी नमुना वेगळा घेतला. हातानं विणलेल्या काठात दोन पोपट तंतोतंत सारखे निघाले, तर विणकराच्या घरात चोरी लगेच पकडली जाते.

दोन पोपटांना पाऊण तास. चहा केव्हाच गार झाला.

मधल्या वेळात एक पोरगा दुसऱ्याच कुणीतरी काढलेला फोटो मोबाइलमध्ये घेऊन आला. कोपऱ्यात फोटोग्राफरचं नाव, ते उडवून पाहिजे. त्याला हात हलवत परत पाठवलं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या ६५ब कलमानुसार असं नाव परवानगीशिवाय, जाणूनबुजून काढलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ते पोराला कुणी सांगितलं नाही. "त्याचं नाव हाय ते, राहू दे," एवढंच.

आता स्क्रीनवर काठ सलग झालाय. वरच्या बाजूचा एक मुनिया मात्र मान वाकडी करून बसलेला. हातासरशी तोही सरळ करावा म्हणून ब्रश तिकडं वळला.

"त्याला नका हात लावू," लेक म्हणाली. "तो मी विणलाय. नववीत होते."