बैलाचा खांदा शेकला, बाईच्या गुडघ्याचं काय?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी, सार्वजनिक वाचनालयात, पोळ्यानंतरच्या रविवारी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि मागच्या सतरंजीवर बसलेल्या माझ्या मायबहिणी. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘सांधे, हाडं आणि स्नायूंच्या दुखण्यात फिजिओथेरपीचा उपयोग’. तिकडे मी येणारच आहे. त्याआधी एक काम करा. गुडघा, कंबर, मान, खांदा, यातलं काही ना काही ज्यांचं महिनाभर दुखतंय, त्यांनी हात वर करा. असा अर्धा नाही जी, दंड कानाला लागेपर्यंत. बघा, जवळजवळ सगळी सभाच आली! ज्यांचा दंड कानाला लागला त्यांचे खांदे तरी शाबूत आहेत, एवढी एक आनंदाची बातमी.

आत्ताच पोळा झाला. आदल्या दिवशी घरोघरी खांदशेकणी झाली. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळलं, शेकलं, आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवलं नाही. वर्षभर ज्या जागेवर ओझं येतं ती जागा आपल्या आज्या-पणज्यांनी बरोबर ओळखली होती. मला या सणाचं फार अप्रूप आहे. पण त्याच घरातली बाई पावसाळाभर उकिडवी बसून निंदण करते, दसऱ्यानंतर कंबरेला ओटी बांधून कापूस वेचते. तिचं ओझं नेमकं कुठे येतं, हे कोणी कधी पाहिलं? तिचा गुडघा दुखला की मेडिकलमधून गोळी आणायची, दोन दिवस खायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा वावर.

आपल्याकडे दुखण्याच्या दोन समजुती आहेत आणि दोन्ही मला रोज भेटतात. पहिली, दुखतंय ना, मग हलवू नका. दुसरी, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला? या दोन्ही समजुतींनी माझ्या घरातल्या एका माणसाचं काय केलं ते सांगते. थोडं लांबेल, पण ऐका.

माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वेचणीत तिचा हात धरणारं आमच्या गावात कोणी नव्हतं. एका पावसाळ्यात ओल्या धुऱ्यावरून पाय घसरला, ती हाताच्या तळव्यावर पडली आणि उजवं मनगट मोडलं. शहरातल्या दवाखान्यात नेलं. हाड जागेवर बसवलं, प्लास्टर घातलं, ‘सहा आठवड्यांनी या’ म्हणून सांगितलं. बस, एवढंच. बोटं हलवत राहा, खांदा वर-खाली करत राहा, हे वाक्य कोणी बोललं नाही. बोलायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि मी आज या धंद्यात आहे ती बरीचशी त्या रागापायी.

घरच्यांनी मायेनं तिला राणीसारखं बसवलं. हात गळ्यात, पाणीसुद्धा दुसऱ्यानं पाजायचं. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा हाड छान जुळलेलं होतं. फोटोत बघून डॉक्टर खूश. आणि मोठी आईची बोटं? सुजलेली, चकचकीत कातडीची, लाकडासारखी ताठ. मूठ मिटेना. कोपर अवघडलेलं, खांदा वर जाईना, आणि खांद्याला तर मुळी लागलेलंच नव्हतं! भाकर थापायला बसली तर पीठ हाताखालून सरकायचं, हात उघडायचाच नाही. वेचणीला गेली तर बोंडातला कापूस चिमटीत येईना. कापूस वेचायला पाचही बोटांची टोकं लागतात. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्या टोचतात, त्या चुकवून एका झटक्यात सरकी-कापूस उपसायचा असतो. ती बांधावर बसून रडली. मी तेव्हा बारावीत होते.

पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्यांनी कोमट पाण्यात हात ठेवायला लावला आणि मग एकेक बोट, एकेक पेर, हळूहळू वाकवायला शिकवलं. रोज येणं परवडणार नव्हतं, एसटीचं भाडं आणि बरोबरच्या माणसाची मजुरी बुडायची. म्हणून त्यांनी घरचीच साधनं दिली. ताटात तुरीचे दाणे पसरायचे आणि चिमटीनं एकेक उचलून वाटीत टाकायचा. ओला पंचा पिळायचा. घट्ट कणकेचा गोळा दाबायचा. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी थोडं थोडं. त्या हिवाळ्यात आमच्या ओसरीवर तुरीच्या दाण्यांचा टपटप आवाज सतत असायचा. होळीपर्यंत मूठ मिटायला लागली. करंगळी शेवटपर्यंत पूर्ण मिटली नाही, पण भाकर थापता आली, पुढच्या हंगामाला ती वेचायला गेली. हाड डॉक्टरांनी जोडलं होतं. हात मात्र तिनं स्वतः मिळवला.

काही वर्षांनी तिचे गुडघे दुखायला लागले. आता मी शिकून आलेली. मी तिला मांडीचे व्यायाम सांगितले. तर काय म्हणते? “माय, दिवसभर वावरात राबतो मी. आता आनखी व्यायाम कायले?” ज्या बाईनं तुरीचे दाणे उचलून हात परत आणला, तिचंसुद्धा हेच!

तर आज मला जे मनापासून सांगायचंय ते हे आहे. कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा. कष्टात तेच स्नायू, तेवढ्याच कोनात, थकले तरी वापरले जातात आणि बाकीचे तसेच पडून राहतात. निंदणात गुडघा पूर्ण मिटलेला असतो, चार-चार तास. मांडीचा पुढचा स्नायू, जो गुडघ्याचा खरा आधार, त्याला त्या बसण्यात जोर लावावाच लागत नाही. वेचणीत पाठ वाकलेली, मान खाली, आणि ओटी भरत जाईल तसं वजन पोटापुढे लोंबतं. फवारणीचा पंप घ्या. टाकी १६ लिटरची, म्हणजे पाण्याचंच १६ किलो, वर पंपाचं वजन, आणि एकाच हाताने दांडा मारायचा. संध्याकाळी अंग मोडून येतं, पण ताकद वाढलेली नसते. व्यायामात सांधा त्याच्या पूर्ण घेरात फिरतो, ओझं मोजकं असतं, मध्ये विसावा असतो आणि आठवड्या-आठवड्याने थोडं वाढवत न्यायचं असतं. स्नायू असाच वाढतो.

आणि व्यायाम विदर्भाला बाहेरून कोणी येऊन शिकवावा असंही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. त्यांच्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं करून दाखवली. गावोगाव आखाडे होते, अजूनही आहेत. पण आखाडा पोरांचा. चाळिशी उलटलेल्या बाईसाठी, साठीच्या शेतकऱ्यासाठी व्यायामाची जागा आपण ठेवलीच नाही. ती जागा फिजिओथेरपीची आहे, असं मी मानते.

दुसरं गाऱ्हाणं मशीनचं. लोक येतात आणि विचारतात, “मॅडम, करंटची मशीन हाये ना?” आहे. शेक आहे, करंट आहे. त्यानं दुखणं काही वेळ दबतं. त्या वेळात व्यायाम सोपा जातो, म्हणून ते वापरायचं. नुसता करंट घेऊन घरी गेलात तर स्नायू होता तेवढाच राहतो. आणि जिथे व्यायाम न शिकवता महिनाभर नुसता करंट लावतात, तिथे पैसे मोजण्याआधी विचारा, मी घरी काय करू? उत्तर मिळालं नाही तर उठा.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिलीय, सव्वापाचची एसटी आहे, दहा मिनिटं उरली. बरं. फळ्यावरचा विषय आता भराभर घेते, लिहून घ्या.

गुडघा. ‘ग्रीस संपलं’ म्हणतात ना, तर कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिचं पोषण सांध्यातल्या पाण्यातून होतं आणि ते पाणी खेळतं हालचालीनं. गुडघा झिजला म्हणून चालणं बंद केलं तर उलट नुकसान. खुर्चीवर ताठ बसा, एक पाय समोर सरळ करा, मांडी घट्ट आवळून पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, मग दुसरा पाय. दुसरा व्यायाम, हात न टेकता खुर्चीतून उठा आणि सावकाश बसा. फरक सहा ते आठ आठवड्यांनी कळतो, तिसऱ्या दिवशी नाही. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणजे दुखणं तेवढंच असतं असं नाही, फोटो बघून घाबरू नका. गुडघा बदलायची वेळ आलीच तर ऑपरेशनच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे व्यायाम लागतोच.

कंबर. दुखली म्हणून पंधरा दिवस खाटेवर पडू नका, एक-दोन दिवस पुरे, मग झेपेल तसं चाला. ‘गादी सरकली’, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, हे एमआरआयमध्ये अजिबात न दुखणाऱ्या माणसांतही दिसतं. वेचणीत, निंदणात प्रत्येक पात संपली की उभ्या राहा, हात कंबरेवर ठेवा, पाच वेळा मागे वाका. बराच वेळ वाकून झाल्यावर लगेच गाठोडं उचलू नका, दोन मिनिटं चाला, मग उचला. ओटी अर्धी भरली की रिकामी करा. किलोवर मजुरी असते, हे मला माहीत आहे. पण धुऱ्यापर्यंतची ती फेरीच पाठीचा विसावा आहे.

खांदा. साखर असलेल्यांचा खांदा जास्त आखडतो. कारण नसताना खांदा जखडत चालला तर आधी साखर तपासा. भिंतीवर बोटं चढवत न्या, दुपट्टा पाठीमागे धरून चांगल्या हातानं ओढा. बरा व्हायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, तोवर हालचाल टिकवणं आपल्या हातात.

हाड. हाडवैद्याकडे जाणारे इथे आहेत, मला माहीत आहे. बांबूच्या पट्ट्या असोत की दवाखान्याचं प्लास्टर, बांधल्यावर ठणका वाढत चालला, बोटं निळी पडली, बधिर झाली, बोट सरळ करताना जीव जातोय असं वाटलं, तर सकाळची वाट बघू नका. रक्त अडलं की सहा तासांच्या आसपास स्नायू मरायला लागतो, आणि मेलेला स्नायू मीसुद्धा परत आणू शकत नाही. रात्र असो, पाऊस असो, दवाखाना गाठा आणि बांधलेलं सोडवून घ्या. आणि प्लास्टरबाहेरची बोटं पहिल्या दिवसापासून हलवा.

आपल्या भागाची दोन दुखणी वेगळी सांगते. एक सिकलसेल, रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून विशी-पंचविशीतलं पोरगं लंगडायला लागतं. तरुण मुलाची जांघ दुखते, चाल बिघडली, तर ‘लचक भरली’ म्हणून चोळत बसू नका, सिकलसेलची तपासणी आणि फोटो करून घ्या. दुसरं फ्लोराइड. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. वर्षानुवर्षं प्यायलं की कणा आणि सांधे ताठरतात. तिथे व्यायामाच्या आधी पाणी बदलायला हवं.

आणि या गोष्टी असतील तर माझ्याकडे येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कारण तो मणक्याचा क्षय, म्हणजे टीबीही असू शकतो. सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभराहून जास्त आखडलेली आणि सुजलेली, तर तो संधिवाताचा वेगळा प्रकार, त्याला वेळेवर औषध लागतं.

एसटी आली वाटतं. एकच राहिलं. फिजिओथेरपिस्ट गाठायला तालुका नाही तर जिल्हा गाठावा लागतो, आणि ज्या बाईला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे तिला तो दिवसाचा खाडा परवडत नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा, महिन्यातून एक दिवस उपकेंद्रात फिजिओथेरपिस्ट बसावा म्हणून. सरपंच ताई इथेच आहेत. सरकारी माणूस मिळेपर्यंत मी येते, फी नको, फक्त वेचणीच्या हंगामात वार बाजाराचा ठेवा, त्या दिवशी बाया वावरात नसतात.