ध्रुव तारा किती मुठी वर? पृथ्वी सपाट की गोल, वावरातूनच मोजू

(रात्रीचं वावर. मागे हरभऱ्याला पाणी सुरू. बॅटरीचा उजेड चेहऱ्यावर.)

राम राम मंडळी. रात्रीचा एक वाजलाय. या आठवड्यात लाइन रात्रीची आहे, म्हणून ओलित करता करता बोलतोय.

परवा शेजारच्या धुऱ्यावरचे काकाजी मोबाइल घेऊन आले. "बाबू, हा माणूस म्हणते पृथ्वी ताटासारखी सपाट आहे. आपल्या वावरातून त तशीच दिसते ना?"

काकाजींचा प्रश्न मला फार आवडला, कारण त्यांनी आधी डोळ्यांनी पाहिलं आणि मग विचारलं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी'त याच प्रश्नाचं उत्तर दिलंय. परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, आणि माणूस तर त्याहून कितीतरी लहान. आता आपला हिशेब पाहा. मोकळ्या वावरात उभं राहिलं, की नजर साडेचार-पाच किलोमीटरवर क्षितिजाला टेकते. पृथ्वीचा परीघ आहे ४०,००० किलोमीटर. म्हणजे शंभरावा सोडाच, आपल्याला दिसतो तो जेमतेम आठ-नऊ हजारावा भाग. सपाट दिसणारच.

चंद्रग्रहणात पृथ्वीच्या सावलीची कड गोल दिसते, तोही पुरावा आहे. पण ग्रहण रोज नसते. ध्रुव मात्र ढग नसले की रोज असतो.

(कॅमेरा उत्तरेकडे.)

ही पाहा म्हातारीची बाज, म्हणजे सप्तर्षी. चार खूर बाजेचे, मागे तीन चोर. चोरांपासून लांबचे दोन खूर म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढा आणि त्या दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या. तिथे जो एकटा तारा आहे, तो ध्रुव. फार झगमगीत नाही, म्हणून नीट शोधा.

आता अंगठा वर ठेवून मूठ आवळा आणि हात पूर्ण लांब करा. मुठीची खालची कड क्षितिजाला टेकवा. तिच्यावर दुसरी मूठ ठेवा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. आपल्याकडे बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत कुठूनही मोजा, ध्रुव दोन मुठींच्या आसपासच. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे, आणि ध्रुवाची उंची म्हणजेच जागेचा अक्षांश.

काकाजींचा पुतण्या फौजेत आहे, सध्या लेहला. तिथूनच त्याला फोन लावला. त्यानं मोजून सांगितलं, "साडेतीन मुठी." लेहचा अक्षांश ३४ आहे, जुळलं. रामेश्वर नागपूरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, ९ अंशांवर. तिथे ध्रुव एका मुठीच्याही आत.

काकाजींनी लगेच अडवलं. "अंगणातला बल्बही लांब गेलं की खाली दिसते. त्यात गोल काय?"

इथे मला थांबून विचार करावा लागला, कारण हरकत रास्त आहे. म्हणून पृथ्वी सपाट धरूनच हिशेब केला. ध्रुव उत्तरेच्या टोकावर बल्बसारखा टांगलाय समजा. तो ३४, २१ आणि ९ अंशांवर दिसायचा असेल, तर नागपूर-रामेश्वर अंतर नागपूर-लेहच्या तिपटीहून जास्त यायला हवं. कारण बल्ब लांब जाऊ तसा हळूहळूच खाली येतो. प्रत्यक्षात सरळ रेषेत लेह साधारण १४५० किलोमीटर आणि रामेश्वर १३००. उलट रामेश्वरच जवळ! दर १११ किलोमीटरला एक अंश, उत्तरेला चढतो, दक्षिणेला उतरतो, सगळीकडे जवळपास सारखाच. हे गोलावरच जमतं. १११ ला ३६० नं गुणा, तोच ४०,००० चा परीघ हाती येतो.

आणि बल्ब कितीही लांब गेलात तरी जमिनीखाली जात नाही. ध्रुव जातो. ऑस्ट्रेलियातून तो दिसतच नाही, कारण मधे पृथ्वीचाच फुगवटा येतो.

काकाजी बराच वेळ मूठ धरून उभे होते. शिवरात्रीला ते रामेश्वरला निघालेत. मी त्यांना एवढंच सांगितलं, की बेटाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर जा, तिथे समोर नुसता समुद्र आहे, मुठीच्या आड झाड येणार नाही. त्यांचा आकडा आला की पुढचा व्हिडिओ टाकतो. तोवर तुमच्या गावाचं नाव आणि मुठी खाली लिहा.

चला, पाणी शेवटच्या सरीत पोचलं, बारं मोडायला जातो.